वाचनालयाच्या व्हरांड्यात ‘वॉर’ शब्दाचा फलक : कामाच्या नोंदी

४ जून

काय करायचंय ते आधी लिहून ठेवते. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाच्या व्हरांड्यात बारा फूट लांब आणि साडेचार फूट उंच भिंत मोकळी आहे. तिच्यावर एकाच इंग्रजी शब्दाचा सगळा प्रवास रंगवून दाखवायचा: ‘वॉर’. तो कुठून निघाला, वाटेत त्याचा अर्थ काय होता, त्याचे भाऊबंद कोणते आणि त्याच्या जागी आपण मराठी-कन्नडात काय बोलतो. समितीनं नऊ हजार मंजूर केलेत. अक्षरं काढायला गावातलेच पेंटर आहेत. मजकुराची जबाबदारी माझी.

हाच शब्द का, असं समितीत विचारलं गेलं. इथं घरटी कुणीतरी फौजेत आहे किंवा होतं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. आमची मुलं पहाटे भरतीसाठी धावतात आणि संध्याकाळी वाचनालयात येऊन जनरल नॉलेजची पुस्तकं पालथी घालतात. हा शब्द पेपरात आहे, पेन्शनच्या कागदांत आहे, मोबाइलच्या गेममध्ये आहे. आणि दरवर्षी वर्गातला एकजण तरी छातीठोकपणे सांगतो की इंग्रजांनी ‘वॉर’ आपल्या ‘वार’ वरून उचलला. त्या मुलाला ‘गप बस’ म्हणून भागत नाही, पुरावा दाखवावा लागतो.

८ जून

मजकूर गोळा करायला घेतला. मोबाइलवर फिरणारे निरोप पहिल्याच संध्याकाळी बाजूला टाकले. त्यातला एक ‘वॉर’ची तीन अक्षरं फोडून त्यांचं अख्खं वाक्य बनवतो. शब्द असे तयार होत नाहीत. अशी फोड मागाहून बसवलेली असते.

फलकावर काहीही चढवण्याआधी तीन गोष्टी हातात असल्या पाहिजेत, असं ठरवलं. शब्दाची जुन्यात जुनी लेखी नोंद, सालासकट. तो एका भाषेतून दुसरीत कसा गेला, तो रस्ता. आणि त्या रस्त्यावर जो आवाज बदलला, तो तसाच आणखी शब्दांतही बदललेला दिसला पाहिजे. नुसतं कानाला सारखं लागलं एवढ्यावर काही रंगवायचं नाही.

पहिली गोष्ट लगेच मिळाली. इंग्लंडात पीटरबरोच्या मठात दरवर्षीच्या घडामोडी लिहून ठेवत. त्यांच्या ११४० सालच्या नोंदीत, जी ११५४-५५ च्या सुमाराला लिहिली गेली, राजा स्टीफन आणि चेस्टरचा सरदार रॅन्डॉल्फ यांच्यात मोठं ‘वेर’ माजलं असं वाक्य आहे. स्पेलिंग पाहण्यासारखं आहे: सुरुवातीला दोन ‘यू’ शेजारी शेजारी, मग ई, दोन आर, ई. ‘डब्ल्यू’ला डबल यू का म्हणतात हे ते एक स्पेलिंग समोर ठेवलं की सांगावं लागत नाही. हा शब्द मोठ्या अक्षरांत, फलकाच्या मधोमध घ्यायचा.

१२ जून

भिंत खरवडली, पुट्टी लावली, प्रायमर मारला. पाऊस सुरू झालाय पण व्हरांड्याला छप्पर आहे, म्हणून काम थांबवलं नाही.

२१ जून

भिंत गेली. खालच्या दोन फुटांत पुट्टीला फोड आले, नखानं उचललं की पापुद्रा हातात येतो. भिंत जांभ्याची आहे. जांभा पाणी पितो, आणि जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस आमच्यापर्यंत चांगलाच पोचतो. पाणी छपरातून येत नाही, पायथ्यातून वर चढतं. सामान आणि मजुरी मिळून एक हजार आठशे पन्नास रुपये पाण्यात, वर जूनचा अर्धा महिना गेला.

असं काम करणाऱ्यानं आधी हे करून बघावं: फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीला चिकटवायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी कागदाची भिंतीकडची बाजू ओली असेल तर ओल आतून येतेय. त्या भिंतीवर रंगाचा डबा उघडू नये. आम्ही हे आज केलं. कागद ओलाचिंब.

समिती बसली. काम पावसाळ्यानंतर करा असं दोघांचं म्हणणं. पण भरतीची मुलं आत्ता रोज येतात, परीक्षा झाल्या की पांगतात. प्लायवर रंगवून फळ्या भिंतीपासून सुट्या टांगायच्या असं ठरलं.

२७ जून

बेळगावहून बारा एमएमच्या आठ बाय चारच्या दोन फळ्या आणल्या. वॉटरप्रूफ म्हणून जे काय विकतात ते सगळं सारखं नसतं, फळीवर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्यावा. दोन्ही मधोमध कापून चार बाय चारचे चार तुकडे झाले. तीन भिंतीवर बसतात. चौथा दाराशेजारच्या जागेत जाईल, त्याच्यावर काय घ्यायचं ते अजून ठरत नाही. दोन फळ्यांचे पाच हजार चारशे, टेम्पोचे साडेतीनशे.

२ जुलै

पहिल्या फळीला पुढून प्रायमर आणि रंगाचा हात दिला आणि ती धनुष्यासारखी वाकली. पुढची बाजू बंद, मागची उघडी, त्यामुळे मागून दमट हवा शिरली. पेंटरनी ती पालथी घालून वर विटा ठेवल्या, मागूनही प्रायमर मारला. चार दिवसांत बरीचशी सरळ झाली. उरलेल्या तिन्हींना दोन्ही बाजू आणि चारी कडा आधी बंद केल्या, मगच पुढचा रंग. कडा विसरू नयेत, प्लाय फुगायला सुरुवात कडेपासून होते.

६ जुलै

मधल्या फळीवरचा नकाशा. आज खूप बोलणं झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

शब्द मुळात जर्मानिक, म्हणजे जर्मन भाषा ज्या कुळातली त्या कुळातला. म्हणून पेंटरनी बाण जर्मनीकडून सरळ समुद्र ओलांडून इंग्लंडात नेला. दिसायला तो सगळ्यात सोपा रस्ता. पण शब्द तसा गेलेला नाही. फ्रँक नावाच्या जर्मानिक टोळ्या फ्रान्समध्ये उतरल्या, त्यांच्या बोलीतला ‘वेर्रा’ तिथल्या लॅटिन बोलणाऱ्यांनी उचलला. उत्तर फ्रान्समध्ये, नॉर्मंडीकडे, तो ‘वेर’ राहिला. मध्य फ्रान्समध्ये त्याचं ‘गेर’ झालं, आणि आजही फ्रेंच माणूस युद्धाला ‘गेर’च म्हणतो. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. त्याच्या लोकांच्या तोंडून ‘वेर’ इंग्रजीत आला. म्हणजे बाण जर्मनीकडून खाली फ्रान्समध्ये आणि तिथून वर इंग्लंडात. तो पुसून दुसरा काढला.

फ्रँकांच्या बोलीतलं ‘वेर्रा’ हे रूप कुठं लिहिलेलं सापडत नाही, अभ्यासकांनी मागं मागं जात ते बांधलंय. अशा रूपाच्या आधी चांदणी काढायची रीत आहे. आम्हीही चांदणी काढली आणि खाली तिचा अर्थ दिला. मुलांना हे कळायला हवं की सापडलेलं आणि बांधलेलं यांत फरक असतो.

आता तिसरी गोष्ट, आवाजाचा नियम. नॉर्मन बाजूला ‘व’ तिथं मध्य फ्रान्सच्या बाजूला ‘ग’. इंग्रजीनं पुष्कळदा दोन्हीकडून माल घेतला, म्हणून जोड्या सापडतात: वॉर्डन आणि गार्डियन, रिवॉर्ड आणि रिगार्ड. विल्यमचं नाव फ्रेंचमध्ये ‘गियोम’. पण मुलांना ज्या जोडीनं पटलं ती वेगळीच: वॉरंटी आणि गॅरंटी. बेळगावात मिक्सर घ्यायला गेलं की दुकानदार हे दोन्ही शब्द एका दमात म्हणतो. मूळ एकच, एक नॉर्मन दारानं आलेला, दुसरा मध्य फ्रान्सच्या. ही जोडी लाल रंगात घेतली.

असा नियम आपल्या शेजारीच आहे हेही दाखवायचं होतं. कन्नड सरांनी लगेच सांगितलं: तमिळमध्ये ‘प’ तिथं कन्नडमध्ये ‘ह’. दूध पाल्–हालु, वाघ पुलि–हुलि, दहा पत्तु–हत्तु. आजूबाजूच्या इतक्या गावांच्या शेवटी येणारं ‘हळ्ळी’ हे तमिळमधलं ‘पळ्ळी’. आमची मुलं शाळेत कन्नड शिकतात, त्यांना हालु-हुलि ठाऊक आहे. एकदा हे बघितलं की ‘व’ चा ‘ग’ होतो यावर कुणी हुज्जत घालत नाही.

९ जुलै

‘वार’ आणि ‘वॉर’. यासाठी वेगळा चौकोन घेतला, कारण फलकाची सुरुवातच त्या प्रश्नातून झाली.

चौकोनात दोन वाक्यं आहेत. इंग्लंडात हा शब्द बाराव्या शतकात लिहिलेला सापडतो. ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना १६०० मधली. बाकी काही लिहिलं नाही. हे वाचून एक मुलगा मला म्हणाला, “मग बाई, लॅटिनमध्ये युद्धाला बेल्लुम म्हणतात, ते तरी बेळगावावरून?” बेळगाव म्हणजे वेणुग्राम, वेळूचं गाव, असं आपण ऐकत आलोय, आणि बेल्लुमचं लॅटिनमधलं आणखी जुनं रूप ‘दुएल्लुम’ आहे. ड्युएल हा शब्द त्याच्यातूनच आला. सुरुवातीला ‘द’ होता म्हटल्यावर बेळगाव आपोआप गळालं. मुलाला ते पटलं, आणि जुनं रूप शोधायचं असतं हे त्याच्या लक्षात आलं. फलक पूर्ण व्हायच्या आधीच काम करायला लागला.

बेल्लुम स्वतः मात्र फ्रेंच, स्पॅनिश, इटालियनमध्ये टिकला नाही, तिघींनीही जर्मानिक शब्द घेतला. कारण म्हणून नेहमी सांगतात की ‘सुंदर’ या अर्थाचा ‘बेल्लुस’ त्याच्या फार जवळ पडत होता. बेल्लुम इंग्रजीत ‘रिबेल’मध्ये उरलाय. हे एका ओळीत घेतलं.

१३ जुलै

आज मुलांना मधली फळी दाखवली. दहा फुटांवरून वाचता येत नाही. अक्षरं पाऊण इंचाची आणि बाण एकमेकांवरून गेलेले. फळ्या रंगवणाऱ्यांचा जुना हिशेब आहे: दर दहा फुटांना निदान एक इंच अक्षर. आम्ही मजकूर जास्त म्हणून अक्षर लहान केलं होतं. उलटं करायला हवं, अक्षर ठरवून मजकूर कापायचा. अर्ध्याहून जास्त ओळी काढल्या. मला त्यातल्या काहींचं वाईट वाटलं, विशेषतः जर्मन लोक स्वतः हा शब्द सोडून युद्धाला ‘क्रीग’ म्हणतात ती ओळ. पण जी ओळ वाचली जात नाही ती लावून उपयोग नाही. पेंटरची दीड दिवसाची मजुरी वर गेली.

१७ जुलै

अर्थाची पट्टी. या फलकाचा गाभा माझ्या मते हाच आहे, आणि सगळ्यात कमी जागा यालाच मिळाली होती. ती वाढवली.

‘वेर्रा’चा जुना अर्थ शौर्य नाही, हल्ला नाही, रणांगणही नाही. अर्थ आहे गोंधळ, घोळ, गुंता. जर्मनमध्ये ‘फेरविरेन’ म्हणजे गोंधळात टाकणं, ते याच मुळाचं. इंग्रजीतला ‘वर्स’, म्हणजे आणखी वाईट, हाही याच घरचा असावा असं कोशकार मानतात. त्याचा बाण तुटक काढलाय.

सुभेदार मामा समितीवर आहेत, इकाहत्तरच्या लढाईत होते. पट्टी वाचून बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, “बरोबर लिवलंय बाई. पेपरात नकाशा येतो, हिकडनं ही पलटण गेली, तिकडनं ती. तिथं असं काय दिसत न्हाई. रात्री कोण कुठं हाय, वायरलेसवर बोलतोय तो आपलाच का दुसरा, जेवण आलंय का न्हाई, काय कळत न्हाई. सकाळ झाली की मग मोजायचं.” मी विचारलं, हे असं फलकावर घेऊ का. नाव न घालता घ्या म्हणाले. घेतलं, त्यांच्याच बोलीत.

या शब्दाच्या आधी इंग्रजांकडे युद्धाला आपले शब्द नव्हते असं नाही, पुष्कळ होते: हिल्ड, गूथ, वीग, बेआडू. कवितेतले, पराक्रमाचे शब्द. रोजच्या बोलण्यातून ते गेले आणि गुंत्याचा शब्द राहिला. जे उरले ते माणसांच्या नावांत. हिल्डा म्हणजे लढाई. लुई हे मूळचं जर्मानिक नाव, त्यातला दुसरा तुकडा ‘वीग’. माटिल्डा म्हणजे बळ आणि लढाई. ही नावं इकडं गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांत आजही ऐकू येतात. आणि पीटरबरोच्या वहीत ज्या काळातल्या भांडणाला ‘वेर’ म्हटलंय, त्या काळात राजा स्टीफनच्या विरुद्ध गादीवर हक्क सांगणारी होती तीही माटिल्डाच. नव्या शब्दाची नोंद झाली त्या युद्धाच्या एका बाजूला जुना शब्द नाव होऊन उभा होता. हे मला सापडलं तेव्हा रात्री झोप आली नाही. फलकावर यासाठी हातभर जागा राखली.

२३ जुलै

डावी फळी: मराठी आणि कन्नड. हिच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, रंगात नाही, बोलण्यात.

आधी दोन रकाने केले होते, एक मराठीचा, एक कन्नडचा. कोणता आधी, हे विचारलं जाणारच होतं आणि विचारलं गेलं. आपल्या भागात ते साहजिक आहे. शेवटी रकाने मोडले आणि अर्थाप्रमाणे आडव्या ओळी केल्या, घरापासून रणांगणापर्यंत. प्रत्येक ओळीत दोन्ही भाषा, एकाच मापात, एकाच रंगात. भांडण आणि जगळ. तंटा आणि तंटे. कज्जा आणि व्याज्य. लढा आणि होराट. लढाई आणि काळग. युद्ध आणि युद्ध. आता कोणता आधी हा प्रश्न उरला नाही, कारण डोळा वरून खाली जातो.

माझ्या कच्च्या यादीत होराट युद्धाच्या ओळीत होतं. कन्नड सर म्हणाले, “मॅडम, होराट म्हणजे रस्त्यावर उतरून मागणी लावून धरणं. बंदुकीचं काळग वेगळं.” त्यांनी प्रत्येक शब्द एका वाक्यात वापरून दाखवला, वाक्यं त्यांच्याच हातची फलकावर आलीत. दुसऱ्या भाषेचा शब्द कोशातून उचलून लावू नये, ती भाषा घरी बोलणाऱ्याला विचारावं. सरांनी एक पैसा घेतला नाही.

तंटा आणि तंटे यांत कुणी कुणाकडून घेतला हे दाखवणारा बाण आम्ही काढलेला नाही. दोन्ही भाषा शेकडो वर्षं एकाच बांधावर आहेत. कज्जाचा रस्ता मात्र स्पष्ट आहे, अरबीतून आलाय, मुळात न्यायासाठी मांडलेलं प्रकरण. तक्रार पण अरबीच, मूळ अर्थ ‘पुन्हा पुन्हा करणं’. हिंदीत तिचं भांडण झालं, मराठीत गाऱ्हाणं राहिलं.

लढा या ओळीवर सगळे थांबतात. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून इथल्या मराठी माणसाच्या तोंडी सीमालढा आहे, सीमाप्रश्न आहे, सीमावाद आहे. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. एवढे शब्द झाले, पण याला कुणी सीमायुद्ध म्हटलं नाही. माझ्या आधीच्या दोन पिढ्यांनी शब्द जपून वापरला याचा मला अभिमान वाटतो, आणि तो फलकावर एका ओळीत लिहायला मी समितीची परवानगी मागितली. मिळाली. कन्नड सरांनीही मान डोलावली.

३० जुलै

चौथ्या तुकड्याचं ठरलं: वीरगळ.

देवळाच्या मागं आमच्याकडे एक आहे, निम्मा मातीत. पावसानं शेवाळ धरलेलं. दुपारी काढलेल्या फोटोत काहीच दिसेना. संध्याकाळी अंधार पडल्यावर बॅटरी दगडाच्या अगदी कडेला धरून तिरपा प्रकाश टाकला, तेव्हा आकृती उठल्या. खालच्या चौकटीत ढाल घेतलेला माणूस, त्याच्या मागं गाईंची रांग, एकीचं शिंग दुसरीच्या पाठीवर टेकलेलं. मधल्या चौकटीत त्याला दोन्हीकडून धरून वर नेणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर पिंडीपुढं बसलेला तोच. माथ्यावर चंद्र-सूर्य. दगडाला ब्रश-साबण काही लावला नाही. शेवाळही काढलं नाही, घासलं की रेषा जातात.

वीरगळ हा शब्दच कन्नडमधून आलाय, वीरगल्लु, कल्लु म्हणजे दगड. आणि गाई पळवून नेण्याच्या धाडीला जुन्या कन्नडात ‘तुरुगोळ्’ म्हणतात. अशा धाडीत पडलेल्यांचे वीरगळ कर्नाटकात जागोजाग आहेत. आता ऋग्वेदात लढाईला एक शब्द आहे ‘गविष्टि’, शब्दशः गाईंची इच्छा. त्याच जुन्या संस्कृतात ‘रण’ म्हणजे आनंद आणि लढाई दोन्ही, आणि ‘संग्राम’ म्हणजे मुळात माणसांचा जमाव एकत्र येणं. म्हणजे एकीकडे लढाई गाईंवरून, एकीकडे जमाव जमण्यावरून, एकीकडे गुंत्यावरून. हे तिन्ही शब्द वीरगळाच्या चित्राभोवती घेतले. चित्र पेंटरनी फोटोवरून काढलं आणि गाईचं ते टेकलेलं शिंग सोडलं नाही, त्याचं मला फार बरं वाटलं.

४ ऑगस्ट

सुभेदार मामांच्या आग्रहावरून पलटणीची चौकट. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन १७६८ साली उभी राहिली, तिला ‘जंगी पलटण’ म्हणतात. जंग फारसी. पलटण इंग्रजी बटालियन किंवा प्लाटूनवरून आलेली, आणि बटालियन व बॅटल दोन्ही लॅटिनमधल्या ‘मारणं, ठोकणं’ या अर्थाच्या क्रियापदातून. म्हणजे नावाचा अर्धा भाग इराणकडचा, अर्धा युरोपचा, आणि ते म्हणणारी माणसं सह्याद्रीतली.

शेजारी ‘गेरिला’. स्पॅनिशमध्ये गेर्रा म्हणजे युद्ध, गेरिला म्हणजे छोटं युद्ध. १८०८ पासून स्पेनच्या लोकांनी नेपोलियनच्या फौजेशी जे छुपं युद्ध केलं, त्यातून तो शब्द इंग्रजीत आला. वॉरचा हा सख्खा चुलतभाऊ, ‘ग’च्या दारानं आलेला. महाराजांच्या गनिमी काव्याला इंग्रजी पुस्तकं हाच शब्द लावतात, पण महाराज १६८० ला गेले, शब्द त्यानंतर सव्वाशे वर्षांनी आला. मुलांनी उत्तरपत्रिकेत गेरिला जरूर लिहावं, सोबत हा काळाचा हिशेबही ठाऊक असावा. गनीम म्हणजे शत्रू, तो अरबी-फारसीतून आलेला.

११ ऑगस्ट

फळ्या चढवल्या. भिंतीला आधी दीड इंची सागवानी पट्ट्या मारल्या, त्यांच्यावर फळ्या. मागं हवा खेळायला जागा राहिली. जांभ्यात प्लग धरत नव्हते, भोक मोठं होऊन प्लग फिरायचा. गवंड्यानं भोकं सिमेंटनं भरून, ते सुकू देऊन पुन्हा पाडली, तेव्हा स्क्रू बसले. यात आठवडा गेला. जांभ्याची भिंत असेल तर हा आठवडा आधीच धरावा.

खर्च, जसा झाला तसा: प्लाय ५,४००, टेम्पो ३५०, प्रायमर २६०, ऑइलपेंट ७८०, ब्रश २४०, पट्ट्या ४२०, स्क्रू-प्लग-सिमेंट १६०, पेंटरची मजुरी ३,६००. वाया गेलेल्या भिंतीचे १,८५०. एकूण १३,०६०. मंजूर होते ९,०००. वरचे २,००० सुभेदार मामांनी दिले, बाकीचे २,०६० जुन्या पेपरांची रद्दी घालून उभे केले. भिंतीची ओल आधी तपासली असती तर तूट निम्म्यावर आली असती. ज्यांना एवढं झेपणार नाही त्यांनी चारऐवजी एकच फळी करावी, आणि ती नकाशाची करावी.

२५ ऑगस्ट

फलक लागल्यावर काय झालं ते बघायला थांबले होते. मुलं ‘वॉरंटी-गॅरंटी’पाशी आधी जातात, मग नकाशाकडे. बायका डाव्या फळीपाशी थांबतात आणि यादीत नसलेले शब्द सांगतात. झुंज, कलागत, हातघाई. ते एका वहीत उतरवून घेतेय, प्रत्येकाला वाक्यासकट. वही फळीखाली दोरीनं बांधलीय. कन्नडची पानं सर रोज संध्याकाळी बघतात.

दोन दुरुस्त्या करायच्या राहिल्या आहेत. लाल रंग पश्चिमेच्या उन्हात आत्ताच फिका पडायला लागलाय, त्यावर वॉर्निशचा हात द्यावा लागेल. आणि पीटरबरोच्या शब्दातले दोन ‘यू’ पेंटरनी इतके जवळ काढलेत की लांबून एकच ‘डब्ल्यू’ दिसतो. तो शब्द पुसून, मध्ये बोटभर फट ठेवून पुन्हा काढायचा आहे. पेंटर गणपतीच्या मंडपांच्या कामात अडकलेत, विसर्जन झालं की येतो म्हणालेत. तोवर वॉर्निशचा डबा आणून ठेवते.